काम करा, पाटी लावू नका
अमेरिकेतल्या बॅप्टिस्टांचा स्त्री पाळकांवरून चाललेला दीडशे वर्षांचा वाद (एपिसोडचं लिखित रूप)

नमस्कार मंडळी!

दर एपिसोडला मी हा शब्द सवयीने म्हणते. आज त्याच्यावरच जरा थांबू. मराठीत मंडळी म्हणजे लोक. जुन्या पिढीतला एखादा गृहस्थ 'आमची मंडळी माहेरी गेलीय' म्हणाला, तर मंडळी म्हणजे बायको. आणि मराठी ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात मंडळी म्हणजे चर्च. चर्चची इमारत नव्हे, तिथे उपासनेला जमणारी माणसं. लोक, बायको आणि चर्च, तिन्ही एकाच शब्दात! आजचा विषय या तिघांच्या मधोमध आहे. मंडळीचं पाळकपण बाईने करावं की नाही?

हा वाद जगभरच्या अनेक चर्चेसमध्ये आहे. पण आपण एकच ठिकाण धरू, कारण तिथल्या नोंदी, ठराव, मतांचे आकडे सगळं उघड आहे. ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतलं 'सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन'. अमेरिकेतला हा सगळ्यात मोठा प्रॉटेस्टंट समूह. ४७ हजारांच्या आसपास मंडळ्या, सव्वा कोटीच्या आसपास सभासद. हे लोक स्वतःला इव्हॅन्जेलिकल म्हणवतात. सोप्या भाषेत सांगायचं तर, बायबल हाच शेवटचा आधार, प्रत्येकाने स्वतः येशूवर विश्वास ठेवायला हवा, आणि शुभवर्तमान जगभर पोचवणं हे प्रत्येकाचं काम, असं मानणारे.

न्यू ऑर्लिन्स, जून २०२३

त्या वर्षीचं अधिवेशन न्यू ऑर्लिन्सला भरलं. दहा हजारांहून जास्त प्रतिनिधी हॉलमध्ये बसलेले. स्त्री पाळकांच्या प्रश्नावरून मतदान दोन मंडळ्यांबद्दल होतं. पहिली कॅलिफोर्नियाची सॅडलबॅक चर्च. रिक वॉरन यांनी १९८० मध्ये सुरू केलेली, हजारोंच्या संख्येने लोक येणारी, कन्व्हेन्शनमधल्या सर्वांत मोठ्या मंडळ्यांपैकी एक. तिने २०२१ मध्ये तीन स्त्रियांना पाळक म्हणून दीक्षा दिली होती. दुसरी केंटकीतल्या लुईव्हिलची फर्न क्रीक बॅप्टिस्ट चर्च, अगदी साधी, मध्यम आकाराची. तिथे लिंडा बार्न्स पोपहॅम ही बाई तीस वर्षं पाळक होती.

कन्व्हेन्शनच्या कार्यकारिणीने दोघींना बाहेर काढलं होतं. त्यावर अपील झालं, आणि शेवटचा कौल सगळ्या सभागृहाचा होता. सॅडलबॅकला बाहेर ठेवावं या बाजूने ९,४३७ मतं, विरुद्ध १,२१२. फर्न क्रीकच्या बाबतीत ९,७०० विरुद्ध ८०६. विषय संपला.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. बॅप्टिस्टांमध्ये पोप नाही, बिशप नाही. प्रत्येक मंडळी स्वतंत्र. इमारत तिची, पैसा तिचा, पाळक कोण ते ठरवणार ती. कन्व्हेन्शन म्हणजे या स्वतंत्र मंडळ्यांनी एकत्र पैसे घालून मिशनरी पाठवण्यासाठी आणि पाळकांची विद्यालयं चालवण्यासाठी केलेली सोय. म्हणजे कन्व्हेन्शन पोपहॅमबाईंना नोकरीवरून काढू शकत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन तुमच्या घरात येऊन काही करू शकत नाही, पण ग्रुपमधून काढू शकतो ना? तसंच. तुमचं घर तुमचं, पण आता तुम्ही आमच्यातले नाही.

मग प्रश्न येतो की तीस वर्षं ही बाई पाळक होती तेव्हा ग्रुपमध्ये चालत होती, ती २०२३ मध्ये का चालेना? याचं उत्तर शोधायला मागे जावं लागतं. बरंच मागे.

आधी बायकांना खुर्ची नाकारली

सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन १८४५ साली जॉर्जियातल्या ऑगस्टा गावी स्थापन झालं. कारण गुलामगिरी. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही यावर उत्तर आणि दक्षिणेतले बॅप्टिस्ट फुटले. दक्षिणेतल्यांचं म्हणणं होतं की पाठवायचं. आणि हे ते बायबलचा आधार देऊनच म्हणत होते. दीडशे वर्षांनी, १९९५ मध्ये, कन्व्हेन्शनने या इतिहासाबद्दल ठराव करून माफी मागितली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८८५ च्या अधिवेशनात आर्कन्सामधून दोन स्त्रिया प्रतिनिधी म्हणून आल्या. नियमात 'सभासद' असा शब्द होता, त्यामुळे त्यांना नाही म्हणायला कागदावर काही आधार नव्हता. मग काय केलं? घटनाच बदलली. 'सभासद' च्या जागी 'बंधू' असा शब्द घातला. बंधू म्हटल्यावर भगिनींचा प्रश्नच मिटला! लक्षात घ्या, या बायका पाळक व्हायला आल्या नव्हत्या. त्यांना फक्त मत द्यायला खुर्ची हवी होती. ती खुर्ची मिळायला १९१८ साल उजाडलं.

मधल्या काळात बायका गप्प बसल्या का? अजिबात नाही. १८८८ मध्ये रिचमंड शहरात पुरुषांचं अधिवेशन चालू असताना बायका एका मेथडिस्ट चर्चच्या तळघरात जमल्या आणि त्यांनी स्वतःची मिशनरी संघटना उभी केली. तिचं पहिलं मोठं काम होतं चीनमधल्या एका बाईसाठी पैसे गोळा करणं.

त्या बाईचं नाव लॉटी मून. व्हर्जिनियात १८४० मध्ये जन्मलेली, उंची जेमतेम सव्वाचार फूट, शिक्षण मात्र त्या काळच्या दक्षिणेतल्या बाईला मिळत नसे तेवढं, म्हणजे मास्टर्स पदवीपर्यंत. १८७३ मध्ये ती चीनच्या शांतुंग प्रांतात गेली. अपेक्षा अशी की बायकामुलांना शिकवायचं. पण पिंगतू भागात ती एकटी फिरायला लागली तेव्हा ऐकायला बायका यायच्या आणि त्यांच्या मागे पुरुषही येऊन बसायचे. दुसरं कोणी नव्हतंच सांगायला. ती घरी पत्रांवर पत्रं पाठवायची की तुम्ही पुरुष का पाठवत नाही? शिवाय मिशनच्या बैठकीत स्त्री मिशनऱ्यांनाही पुरुषांइतकंच मत हवं, हा तिचा आग्रह होता.

तिनेच सुचवलं होतं की नाताळच्या आधी एक आठवडा प्रार्थनेचा आणि दानाचा ठेवा. १८८८ मध्ये बायकांनी २,००० डॉलरचं लक्ष्य ठेवलं आणि ३,३०० हून जास्त जमवले. त्यातून तीन नव्या मिशनरी पाठवता आल्या. लॉटी मून २४ डिसेंबर १९१२ ला, घरी परतताना, जपानच्या कोबे बंदरात बोटीवरच वारली. १९१८ पासून त्या नाताळच्या दानाला तिचं नाव आहे. अलीकडच्या वर्षांत त्यातून दर वर्षी पंधरा कोटी डॉलरच्या वर रक्कम जमते. ज्या कन्व्हेन्शनमध्ये बाईने पाळक होऊ नये असा नियम आहे, त्याचा परदेशी कामाचा मोठा खर्च एका उपदेश करणाऱ्या बाईच्या नावाने निघतो.

अजून एक बारीकशी नोंद. बायकांच्या या संघटनेचा वार्षिक अहवाल कन्व्हेन्शनपुढे पुरुष वाचून दाखवायचे. पैसे बायकांनी जमवलेले, हिशोब बायकांनी ठेवलेला, वाचणार पुरुष! संघटनेची अध्यक्षा पहिल्यांदा स्वतः उभी राहून बोलली ती १९२९ मध्ये.

वचन एकच, अर्थ दोन

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येऊ. विरोध करणारे लोक नुसते बुरसटलेले आहेत असं समजलात तर हा वाद तुम्हाला कधीच कळणार नाही. त्यांचा युक्तिवाद नीट ऐकायला हवा.

बायबलच्या नव्या करारात तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो, स्त्रीने पुरुषाला शिकवू नये, त्याच्यावर अधिकार चालवू नये, शांत राहावं. आणि कारण देतो की आधी आदाम घडवला गेला, मग हव्वा. विरोधक म्हणतात, बघा, पौल इथे त्या गावाची किंवा त्या काळाची सबब सांगत नाही, तो थेट सृष्टीच्या सुरुवातीपर्यंत जातो. म्हणजे नियम कायमचा. स्त्री आणि पुरुष देवापुढे सारख्याच मोलाचे, पण त्यांच्या भूमिका वेगळ्या. हे मत १९८७ नंतर संस्था, जाहीरनामे आणि जाड पुस्तकं यांच्यातून नीट मांडलं गेलं. ते मानणाऱ्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने आहेत, हे विसरू नका.

दुसरी बाजूही बायबलच उघडते. त्याच पौलाचं गलतीकरांना लिहिलेलं पत्र आहे, ज्यात तो म्हणतो की ख्रिस्तात ज्यू-ग्रीक, दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष असा भेद उरत नाही. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात तो फिबी नावाच्या बाईचा मंडळीची सेविका म्हणून आदराने उल्लेख करतो. सेविका म्हणजे तोच ग्रीक शब्द, जो इतरत्र 'डीकन' या पदासाठी येतो. त्याच अध्यायात युनिया ही व्यक्ती येते, जिला प्रेषितांमध्ये नावाजलेली म्हटलंय. बाई आणि प्रेषित? हे काहींना इतकं खटकलं की विसाव्या शतकातल्या बऱ्याच आवृत्त्यांत तिचं 'युनियास' असं पुरुषी नाव करून टाकलं गेलं. नंतर अभ्यासकांनी तिला पुन्हा युनिया केलं. त्यावर विरोधकांचं उत्तर असं की ती बाई असेल, पण प्रेषितांना माहीत असलेली, एवढाच त्या वाक्याचा अर्थ.

आणि तीमथ्याच्या पत्रातला 'अधिकार चालवणं' यासाठी आलेला ग्रीक शब्द, ऑथेन्टेइन, अख्ख्या नव्या करारात फक्त एकदाच येतो. साधा अधिकार, की दादागिरी करून मिळवलेला अधिकार? यावर आजवर ढिगाने लेख लिहिले गेलेत. आम्हा कोड लिहिणाऱ्यांना हे चांगलं समजेल. एक फंक्शन अख्ख्या प्रोग्रॅममध्ये एकदाच वापरलंय, डॉक्युमेंटेशन नाही, लिहिणारा हयात नाही, आणि त्याच्यावर पूर्ण सिस्टिम उभी आहे.

मघाशी गुलामगिरीची गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली होती, ती इथे लागते. स्त्रियांची बाजू घेणारे म्हणतात, 'सरळ वाचा, जे लिहिलंय ते तसंच पाळा' हे १८४५ मध्येही तुम्ही म्हणत होतात. दासांनी धन्याचं ऐकावं असं पौलाच्या पत्रांत आहेच की. विरोधक म्हणतात, तुलना चुकीची आहे. गुलामगिरी माणसाने केली, स्त्री-पुरुष देवाने. दोन्ही उत्तरांत वजन आहे. म्हणूनच हा वाद मिटत नाही.

पहिली दीक्षा आणि मग दार बंद

९ ऑगस्ट १९६४. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावची वॉट्स स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च. अ‍ॅडी डेव्हिस या बाईला पाळकाची दीक्षा मिळाली. सदर्न बॅप्टिस्टांमधली ही पहिली. दीक्षा मिळाली, पण पुढे? दक्षिणेतली एकही सदर्न बॅप्टिस्ट मंडळी तिला पाळक म्हणून बोलवेना. शेवटी ती पार उत्तरेला व्हर्मॉन्टमध्ये, दुसऱ्या बॅप्टिस्ट समूहाच्या एका छोट्या मंडळीत गेली.

तरी दार किलकिलं झालं होतं. नंतरच्या वर्षांत आणखी स्त्रियांना दीक्षा मिळत गेली. आणि मग १९७९ आलं. त्या वर्षीपासून कन्व्हेन्शनमधल्या पुराणमतवादी गटाने पद्धतशीरपणे दर वर्षी आपला अध्यक्ष निवडून आणायला सुरुवात केली. अध्यक्ष समित्या नेमतो, समित्या विद्यालयांचे विश्वस्त सुचवतात, विश्वस्त प्राध्यापक ठेवतात किंवा काढतात. दहा-पंधरा वर्षांत सगळी यंत्रणा हातात आली. त्यांचा मुख्य मुद्दा होता की बायबलमध्ये एकही चूक नाही हे निखालस मान्य करा. स्त्री पाळकांचा प्रश्न हळूहळू त्याची परीक्षा बनला. तुम्ही त्या वचनाचा अर्थ सैल करता म्हणजे तुम्ही बायबलच सैल करता, असं समीकरण.

१९८४ च्या ठरावात म्हटलं गेलं की स्त्रियांनी पाळकपद घेऊ नये, कारण पुरुष आधी निर्माण झाला आणि पापात आधी स्त्री पडली. पण ठराव म्हणजे मत, तो कोणावर बंधनकारक नसतो. २००० मध्ये मात्र कन्व्हेन्शनच्या श्रद्धापत्रिकेतच वाक्य आलं की पाळकाचं पद पुरुषांपुरतंच आहे. त्याच वर्षी माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कन्व्हेन्शनशी असलेलं आयुष्यभराचं नातं तोडत असल्याचं जाहीर केलं. कारणांत स्त्रियांचा प्रश्न होताच.

शिकवणंही खटकतं

हा वाद फक्त व्यासपीठावर उभं राहण्याचा आहे असं वाटत असेल, तर एक उदाहरण सांगते. टेक्सासमधल्या कन्व्हेन्शनच्या एका विद्यालयात एक प्राध्यापिका हिब्रू शिकवायची. हिब्रू! म्हणजे व्याकरण, धातू, रूपं. २००६ च्या सुमारास तिला सांगण्यात आलं की पुरुष विद्यार्थ्यांना धर्मविषय बाईने शिकवणं योग्य नाही, तेव्हा तुमची कायमची नेमणूक होणार नाही. ती न्यायालयात गेली. २००८ मध्ये न्यायालयाने खटला फेटाळला, कारण धार्मिक संस्थेच्या आतल्या बाबीत सरकार पडत नाही.

हे वाचताना मला लगेच आपली एक व्यक्ती आठवली. चर्च वेगळं, देश वेगळा, सव्वाशे वर्षांचं अंतर, पण प्रसंग जवळजवळ तोच. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथे अँग्लिकन चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १८८४ पासून चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या. प्राचार्य डोरोथिया बील यांच्या मनात आलं की हिंदुस्थानात नोकरीला जाणाऱ्या तरुण पुरुषांनाही रमाबाईंनी शिकवावं. त्यावर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवणं बरं दिसणार नाही, परत गेल्यावर स्वदेशातच तिचं वजन कमी होईल, असा त्यांचा सूर.

रमाबाईंना याचं आश्चर्य वाटलं. त्यांनी पत्रातून कळवलं की माझ्या आईने आणि मी पुरुषांना शिकवण्याला ना माझ्या वडिलांनी कधी हरकत घेतली, ना माझ्या नवऱ्याने. मग इथल्या लोकांना अडचण काय? विचार करा, ज्या बाईने गावोगाव पुराणं सांगितली, कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, तिला आता विचारलं जात होतं की पुरुष समोर बसलेले चालतील का! काशीच्या नावाने पोथी सोडवणारी बाई लंडनच्या नावाने अडवली जात होती.

दारावरची पाटी

आता परत २०२३ कडे. आमच्या टीममधला एक सहकारी टेक्सासमध्ये असतो, तिथेच वाढलेला, सदर्न बॅप्टिस्ट घरातला. त्याची आई त्यांच्या मंडळीत वीसेक वर्षं लहान मुलांचा विभाग बघते. वेबसाइटवर तिच्या नावापुढे 'बालविभाग पाळक' असं होतं. न्यू ऑर्लिन्सच्या मतदानानंतर मंडळीच्या मंडळाने ते बदलून 'बालविभाग संचालक' केलं. काम तेच, मुलं तीच, रविवार तोच. आई म्हणाली, मुलं मला 'मिस' म्हणतात, त्यांना काय फरक पडतो. पण नव्या हुद्द्याची व्हिजिटिंग कार्डं मात्र तिने छापून घेतली नाहीत.

हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात हा एपिसोड आकाराला आला. कारण वाद कशाचा आहे ते तिथे स्पष्ट दिसलं. १८८५ पासून बघा. पैसे जमवा, चालेल. चीनमध्ये जाऊन सांगा, चालेल. मुलांना शिकवा, आजाऱ्यांना भेटा, मंडळी चालवा, चालेल. फक्त नाव लावू नका. काम कधीच बंद नव्हतं, बंद होती ती पाटी.

आणि नावात काय आहे असं म्हणू नका. नावाबरोबर मत येतं, पगार येतो, व्यासपीठ येतं. अमेरिकेच्या करकायद्यात पाळकाला घरभत्त्यावर आयकर माफ असतो, तो हिशोबही त्या नावावर चालतो. आमच्या क्षेत्रातल्या मुलींना हे वेगळं सांगायला नको. टीम चालवायची तू, लीड म्हणून मेलमध्ये नाव दुसऱ्याचं.

खुद्द कन्व्हेन्शनलाही हा शब्दाचा पेच कळलेला होता. २०२२ मध्ये अनाहाइमच्या अधिवेशनात त्यांच्या समितीने सुचवलं की 'पाळक' या शब्दाचा नेमका अर्थ काय हे ठरवायला एक अभ्यासगट नेमू. सभागृहातून जोरदार विरोध झाला. पाळक म्हणजे काय हे आम्हाला माहीत आहे, अभ्यास कसला करता? समितीने सूचना मागे घेतली. मुख्य पाळक फक्त पुरुष असावा, की बालविभाग, संगीत, समुपदेशन यातल्या कोणालाही 'पाळक' म्हणू नये, हा प्रश्न तसाच राहिला.

मग घटनेतच स्पष्ट कलम घालू, असा प्रस्ताव आला: कोणत्याही प्रकारची पाळक म्हणून फक्त पुरुषांनाच मानणारी मंडळीच आपल्यात राहील. घटनादुरुस्तीला लागोपाठ दोन वर्षं दोन-तृतीयांश मतं लागतात. २०२३ मध्ये मिळाली. २०२४ मध्ये इंडियानापोलिसला साधारण ६१ टक्केच मिळाली, प्रस्ताव पडला. २०२५ मध्ये डॅलसला पुन्हा आणला, पुन्हा ६१ टक्क्यांच्या आसपास अडकला. पण यावरून ३९ टक्के लोक स्त्री पाळकांच्या बाजूचे आहेत असं समजू नका. विरुद्ध मत देणाऱ्यांत बरेच जण असे होते ज्यांना स्त्री पाळक नकोच आहेत, फक्त आहे तो नियम पुरेसा वाटतो.

स्वातंत्र्य कोणासाठी?

एक शेवटचा धागा, आणि मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा. २०१९ मध्ये टेक्सासमधल्या दोन वर्तमानपत्रांनी मिळून एक शोधमालिका छापली. वीस वर्षांत सदर्न बॅप्टिस्ट चर्चेसमधल्या साधारण ३८० पाळक, कर्मचारी आणि स्वयंसेवकांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप, बळी ७०० हून जास्त. २०२२ च्या स्वतंत्र चौकशीतून कळलं की आरोपींची एक यादी कार्यालयात वर्षानुवर्षं ठेवलेली होती, आणि ती बाहेर कोणाला सांगितलेली नव्हती.

पीडितांनी आधी अनेकदा मागितलं होतं की अशा लोकांची नोंद ठेवा, मंडळ्यांना सावध करा. तेव्हा उत्तर मिळायचं, प्रत्येक मंडळी स्वतंत्र आहे, आम्ही काही करू शकत नाही. उशिरा का होईना, २०२१ मध्ये अशा गुन्हेगारांना कामावर ठेवणाऱ्या काही मंडळ्याही बाहेर काढल्या गेल्या, हे खरं. पण ज्या स्वातंत्र्याच्या नावाखाली त्या तक्रारी इतकी वर्षं पडून राहिल्या, ते स्वातंत्र्य फर्न क्रीकच्या कामी आलं नाही. तिथे तर तक्रार फक्त एवढीच होती की पाळक बाई आहे.

मी ख्रिस्ती नाही. कोणत्या वचनाचा अर्थ काय लावायचा हे सांगणारी मी कोण? तो त्या मंडळीचा प्रश्न. पण इतिहासाच्या नोंदी वाचता येतात. कायमची म्हणून आखलेली रेघ नोंदींत सरकताना दिसते. १८८५ मध्ये ती प्रतिनिधीच्या खुर्चीपाशी होती, १९२९ पर्यंत अहवाल वाचण्यापाशी, आज ती पाळकाच्या पाटीपाशी आहे. आणि खुर्ची परत घ्या असं आज कन्व्हेन्शनमधलं कोणीही म्हणत नाही.

जाता जाता, पुन्हा रमाबाई. त्यांना कधी पाळकाची दीक्षा मिळाली नाही. पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अख्खं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या वारल्या, १९२४ मध्ये ते पूर्ण छापून आलं. छापखाना मुक्तीचा, खिळे जुळवणारे हात तिथल्या मुली-बायकांचे. स्त्रीने पुरुषाला शिकवू नये हे तीमथ्याच्या पत्रातलं वचनही त्यात आहे. ते वाचणाऱ्या प्रत्येक मराठी पुरुषापर्यंत पोचलं ते एका बाईच्या लेखणीतून.

आज इथेच थांबू. तुमच्या मंडळीत, तुमच्या देवळात, मशिदीत, ऑफिसात काम कोण करतं आणि पाटी कोणाची असते, ते एकदा बघा. आणि कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.